तारेचा वळ

काकांचा बोन्साय वड, म्हणजे कुंडीत छाटून-वळवून लहानच ठेवलेले झाड, मी घ्यावा का, हे ठरवायचे आहे. काल त्याच्या खोडावरून बोट फिरवले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. झाड 35 वर्षांचे आणि उंची हातभरसुद्धा नाही. पण बुंध्यापासून मुळे चहूबाजूंनी कुंडीच्या कडेपर्यंत पसरलेली आणि दोन पारंब्या मातीत उतरून खांबासारख्या जाड झालेल्या. पहिल्या फांदीखाली खोडाला वेढा घालून गेलेला एक वळ बोटाला लागला. काका म्हणाले, "वळण देण्यासाठी तार गुंडाळली होती, काढायला माझ्याकडून उशीर झाला. तो वळ काही बुजला नाही." मग सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, "तुम्ही बाहेरगावी गेलात तर याला पाणी कोण घालेल?" मला उत्तर देता आले नाही.

प्रश्न साधा होता, तरी लागला, कारण ते जुनिपर, माझ्या हातून गेलेले सूचिपर्णी झाड, मी अजून विसरलेले नाही. जुनिपरला उघड्यावरचे ऊन लागते हे मला ठाऊक नव्हते. मी ते घरात ठेवले, पाणी जास्त घातले आणि मुळे कुजली. मुळे गेल्यानंतरही ते झाड कित्येक आठवडे हिरवेच दिसते. मी रोज सकाळी त्याला पाणी घालत होते आणि ते बरे आहे असे समजून समाधानाने कामाला जात होते. शेवटी नखाने साल खरवडून पाहिली, तेव्हा आत हिरवा थर उरलाच नव्हता. माझ्या हातून काही जगत नाही, असे त्या दिवशी मनात बसले ते बसलेच. आईच्या वेळीही... पण ते आज नको.

मग रोप आणून स्वतःच का वाढवू नये? खोडाला अशी जाडी येईपर्यंत माझे वय काय असेल, हा हिशेब मी सुरू केला आणि अर्ध्यावर सोडला. आणि तयार झाड घ्यायचे, तर दुसऱ्याच्या 35 वर्षांच्या सकाळी विकत घेतल्यासारखे वाटते. त्या माझ्या हातून वाया गेल्या तर?

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचे पांढरे पाइन दुपारभर आठवत राहिले. 1625 पासून जोपासलेले ते बोन्साय 6 ऑगस्ट 1945 च्या अणुबाँबमधून वाचले आणि 1976 साली मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिले. ते झाड कशातून वाचले आहे, हे तिथल्या लोकांना 2001 मध्ये त्यांचे नातू भेटीला आले तेव्हा कळले. त्यातले क्षमेचे मोठेपण माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. मला एवढेच दिसत राहते, की तिथे पहिल्या सकाळी ज्याने त्याला पाणी घातले, त्याने ते लावलेले नव्हते, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नव्हती. काकांच्या हातूनही चूक झाली, आणि तो वळ अंगावर घेऊन वड वाढतच राहिला.

होकार अजून कळवलेला नाही. आज सकाळी गच्चीवर जाऊन ऊन कुठवर येते ते पाहिले. कठड्यापासून दोन हात आत येते, वडाला ते पुरेल. मुळांची छाटणी शेवटची कधी केली आणि वरची माती कितपत सुकल्यावर पाणी द्यायचे, हे काकांना विचारायचे आहे. त्याआधी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारले, मी नसेन तेव्हा पाणी घालाल का म्हणून. "किती घालायचे ते मात्र नीट दाखवून ठेवा," त्या म्हणाल्या.