पैठणीवरचा मोर आणि तोजीच्या बाजारातला पक्षी

क्योटोतले पहिले तीन दिवस देवळं आणि पायांचे गोळे यांत गेले, ते सोडून देते. लिहायचंय ते तोजी मंदिराच्या आवारात दर 21 तारखेला भरणाऱ्या बाजाराबद्दल. खरं तर तिथल्या एका वीतभर फुलदाणीबद्दल.

गर्दी आपल्या जत्रेसारखीच, फक्त कोणी ओरडत नाही. एका म्हाताऱ्या विक्रेत्यापुढे ही शिप्पोची, म्हणजे तांब्यावर मीनाकाम केलेली, हिरवट निळी फुलदाणी. “अरे, हा तर पैठणीवरचा मोर!” मी नवऱ्याला म्हटलं. आजोबांना ‘मोर’ कळला नसावा, पण माझं बोट कळलं. “होओ,” म्हणाले, आणि पक्ष्याखालच्या पानांवर नख ठेवलं. मोबाइलने भाषांतर केलं ते असं: होओ म्हणजे दंतकथेतला पक्षी, किरीच्या झाडाशिवाय कुठे उतरत नाही, आधी झाड बघायचं, मग पक्षी. मागच्या बाजूच्या ड्रॅगनची नखं मोजायला लावली. तीन. चीनच्या बादशाहाच्या ड्रॅगनला पाच.

मग मला चेवच चढला. उरलेली सगळी जागा बारीक वेलबुट्टीने भरलेली; तिचा अर्थ काय? ‘अनंत जीवन’ वगैरे मी मनात ठरवूनही टाकलं होतं. आजोबा हसले. वेल आधाराला! बारीक तार उभी चिकटवून कप्पे करायचे, त्यांत काचेची रंगीत पूड भरून भाजायचं. मोठी जागा मोकळी ठेवली तर जुना मीना तडकायचा. बघितलं तर वेलींत कुठेच भेग नाही, आणि होओच्या डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात केसाएवढा तडा.

शिप्पो म्हणजे सप्तरत्नं, बौद्ध ग्रंथांतली. मी मेली तो शब्द अस्सल जपानी म्हणून घोकत होते.

नामिकावा यासुयुकी (1845–1927) या नामांकित शिप्पो कारागिराच्या घरात आता संग्रहालय आहे. तिथे गुरुवारी थडकलो. गुरुवारी बंद! चूक माझीच, पण चिडले नवऱ्यावर. शुक्रवारी पुन्हा गेलो. तिथे आरशासारख्या काळ्या मीन्यावर फुलं, आणि भोवती वेलीचा टिपूससुद्धा नाही. तोवर मीना सुधारला होता.

आजोबांनी तड्यापायी एक येनही कमी केला नाही. फुलदाणी आता शोकेसमध्ये आहे, तड्याची बाजू भिंतीकडे. म्हणजे होओही भिंतीकडेच. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते ती वेलबुट्टी.