राईतली वटवाघळं मोजायला जाणाऱ्यांसाठी

येत्या जूनअखेर मी निवृत्त होतो आहे. सिंधुदुर्गातल्या देवराया आणि दापोलीकडच्या गुहा असा फेब्रुवारीतला हा फेरा नोकरीतला शेवटचा. यापुढे मोजणी दोन विद्यार्थिनी आणि गावातली काही पोरं करणार आहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितो आहे. आणखी कुणाला आपल्या गावी असं काम सुरू करायचं असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल. राईंची नावं मात्र देणार नाही. ठिकाण कळलं की कॅमेरेवाले येतात, टाळ्या वाजवून थवे उठवतात, आणि पोटाशी पिल्लू असलेल्या माद्यांना भर उन्हात उडावं लागतं.

जायचं कसं? रात्रीच्या कोकणकन्याने सकाळी कुडाळला उतरावं, पुढे एसटी. अडचण येते ती परतीची. मोजणी अंधार पडल्यावर संपते आणि तोवर शेवटची गाडी गेलेली असते. गावात वस्तीची गाडी येत असेल तर तिनेच जावं, मुक्काम तिथेच करावा आणि सकाळी तिनेच परतावं. नाहीतर रिक्षावाल्याशी आधीच ठरवून ठेवावं.

राईत पाय ठेवण्याआधी मानकऱ्यांना, म्हणजे देवस्थानाचा मान असलेल्या गावकऱ्यांना भेटायचं. ते देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपल्यासाठी विनवणी करतात, मग आपण चपला काढून आत. हा वेळ वाया जात नाही. राई टिकली ती याच लोकांमुळे आणि वटवाघळं टिकली ती राईमुळे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फळं खाणाऱ्या वटवाघळांना कावळ्या-उंदरांसोबत उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत टाकलं होतं. ती अनुसूची गेली २०२२च्या दुरुस्तीने. मधली पन्नास वर्षं या झाडांवरच्या वसाहतींना कायद्याचं पाठबळ नव्हतं, होता तो फक्त देवाचा धाक. ‘सायबानु, हयसर बंदूक कधी वाजूक नाय,’ असं एका मानकऱ्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. यंदा त्यांचा मुलगा गाऱ्हाणं घालायला उभा होता.

आता मोजणी, म्हणजे संध्याकाळी राईतून बाहेर पडणाऱ्या वटवाघळांची. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी जागेवर बसा, तोंड पश्चिमेला, म्हणजे उजळ आकाशावर काळी आकृती स्पष्ट दिसते. मोठ्या वटवाघळाचे पंख पसरले की सुमारे चार फूट भरतात, त्यामुळे चुकायचं कारण नाही. एक माणूस समुद्राच्या बाजूला, एक डोंगराच्या बाजूला. हातात काउंटर ठेवा. ओघ वाढला की पाच-पाचच्या हिशेबाने दाबा आणि दर दहा मिनिटांनी आकडा वहीत उतरवा. परत वळलेली वजा करायची. वारा, ढग, जवळपास जत्रा किंवा लाऊडस्पीकर होता का, हे त्याच पानावर लिहा. बसायची जागा बदलू नका. तरुण मंडळींना पद्धत सुधारावीशी वाटेल, ड्रोन आणावासा वाटेल. थव्यावर ड्रोन नको असं माझं ठाम मत आहे. थर्मल कॅमेरा जमिनीवरून जरूर वापरा, पण काही वर्षं दोन्ही मोजण्या सोबत चालू द्या. जागा आणि रीत बदलली की आधीच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही, आणि वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या प्राण्याची घट चार-दोन वर्षांच्या आकड्यांत दिसत नाही.

सकाळी राईखाली फिरा, पण थेट वसाहतीखाली नको. कडेच्या झाडांखाली उंडीच्या बिया पडलेल्या सापडतील. एक उचलून बघा (हातमोजा घालून). वरचा पातळ गर खरवडलेला असतो, त्यावर दातांच्या बारीक रेघा, आत कठीण गोल बी शाबूत. शेजारी चावून थुंकलेला चोथा, चपटा, दाबून कोरडा केलेला. उंडीचं झाड जवळ कुठेच दिसत नाही. बी तिथवर आली ती वटवाघळाच्या तोंडातून. काजूचंही तसंच. बोंडू खायचा आणि बी टाकायची. बागायतदार आंब्यावरून रागावतात तेव्हा मी एवढंच विचारतो की हापूस तुम्ही झेल्याने उतरवता तो तयार पण कच्चा ना? वटवाघूळ येतं ते झाडावर पिकलेल्या फळाला. थोडं नुकसान होतं, ते नाकारू नये. पण त्याच तोंडांनी सावरीच्या फुलांवरचे परागही पोचतात.

दापोलीच्या बाजूला जांभ्यातल्या एका गुहेच्या तोंडाशी बॅट डिटेक्टर (वटवाघळांचे आवाज आपल्या कानाला ऐकवणारं यंत्र) घेऊन बसलो. आपल्याला २० किलोहर्ट्झच्या पलीकडचं ऐकू येत नाही; नालमुखी (नाकाशी घोड्याच्या नालेसारखी घडी असलेलं) वटवाघूळ ८०च्या आसपास ओरडतं. यंत्राची चकती तिथे आणली की लांब शिट्टीसारखा सूर लागतो. गुहेत राहणारं फळभक्षी वटवाघूळ मात्र जीभ टकटकवून वाट काढतं, ते यंत्राविना कानाला कळतं. मार्च ते जून गुहेत शिरू नका, खाली पडलेलं पिल्लू आई बहुधा परत उचलत नाही. पांढरी बॅटरी नको, काचेवर लाल कागद लावा. पन्हाळेकाजीच्या २९ लेण्यांसारख्या ठिकाणी अभ्यास करायचा तर पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, आणि जाळी लावून पकडायचं तर वनखात्याची. ती नसेल तर बाहेर बसून मोजा. तेवढ्यानेही पुष्कळ काम होतं.

तब्येतीबद्दल हयगय नको. महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपा विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. म्हणून झाडं तोडायची गरज नाही. उष्टं फळ खायचं नाही, पडलेलं वटवाघूळ उघड्या हाताने उचलायचं नाही, गुहेपाशी मास्क लावायचा. हाताळणी करणाऱ्यांनी रेबीजची लस आधीच घ्यावी. चावा लागलाच तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन थेट दवाखाना.

माझ्या वह्यांच्या दोन प्रती केल्या आहेत. एक विद्यार्थिनींकडे, दुसरी मानकऱ्यांच्या घरी, कारण विभागाचं कपाट कधी कुठे हलेल सांगता येत नाही आणि ती राई त्यांचीच आहे. बसायच्या प्रत्येक जागेवर चिऱ्याचा दगड पुरला आहे, नकाशा वहीच्या पहिल्या पानावर. पुढच्या फेब्रुवारीत मला बोलावलंत तरच येईन. मोजणारी माणसं नवी असली तरी दगड तेच वापरा.