पंखा लागला की पारा चढायचा

मेव्हण्याने वाईजवळ धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) वाढवायची छोटी खोली उभी केली. तापमान बघून एक्झॉस्ट पंखा चालू-बंद करणारं सर्किट बनवायचं काम मग आपसूकच माझ्याकडे आलं. सामान साधंच होतं: आर्डुइनो उनो (कोड भरून चालवायचा छोटा बोर्ड), तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर, रिले (विजेने चालणारा स्विच), १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि त्याचे ५ व्होल्ट करणारं एलएम२५९६चं बक मॉड्यूल. घरी लॅपटॉपच्या यूएसबीवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं. खोलीत लावलं आणि तापमानाचा आकडा २४ ते २८ अंशांमध्ये नाचू लागला. वर आणखी गंमत, पंखा सुरू झाला की तापमान उतरायचं सोडून जवळपास दीड अंश चढायचं.

"दाजी, सेन्सर डुप्लिकेट निघाला," मेव्हण्याचा निकाल लागलासुद्धा. पण रिलेची 'टक्' आणि आकड्याची उडी एकाच क्षणी येत होती. खोलीतली हवा इतक्या झटक्यात तापत नसते.

पंखा बंद असताना मल्टिमीटर लावला, तर ५.०२ व्होल्ट, एकदम स्थिर. डीसी रेंजवर तो सरासरी दाखवतो, वरची खळबळ गिळून टाकतो. म्हणून अडॅप्टर काढला आणि स्कूटरची बॅटरी जोडली, बाकी कशालाही हात लावला नाही. नाच थांबला, उडी तशीच राहिली. म्हणजे दुखणी दोन होती.

नाचाचं मूळ अडॅप्टरमध्ये होतं. स्वस्त दोन पिनी अडॅप्टरमध्ये मेन्सची बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून झिरपणारा गोंगाट (नको असलेले विजेचे चढउतार) प्लस-मायनस दोन्ही तारांवर एकदमच स्वार होतो, त्यामुळे त्या दोघींमध्ये कितीही कपॅसिटर लावा, तो हाती लागत नाही. सेन्सरची लांब, उघडी वायर त्याला आयती वाट देते. पुण्याच्या तपकीर गल्लीतून अर्थिंगवाला एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि शील्डेड (धातूच्या जाळीचं आवरण असलेली) वायर आणली, आउटपुटचा मायनस अर्थला जोडला आणि तो विषय मिटवला.

उडीने मात्र डोकं खाल्लं. उनोचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा भाग, मोजताना ५ व्होल्टचा सप्लायच मापदंड धरतो. त्याचे १०२४ भाग, म्हणजे एक पायरी ४.९ मिलिव्होल्टची. एलएम३५ अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे अर्ध्या अंशाखालचं काही दिसणारच नाही. त्यात रिलेची कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते. सप्लाय ५ वरून ४.८५ वर आला की २६ अंशांचे २६.८ होतात. पट्टीच आखडली, की कापड लांब भरणारच! कोडमध्ये उनोच्या आतलाच १.१ व्होल्टचा रेफरन्स (मापदंड) निवडला (बदलल्यावरची पहिली काही वाचनं टाकून द्यावी लागतात) आणि पायरी अंशाच्या दहाव्या भागावर आली.

तरी पाऊण अंशाची उडी उरलीच. ब्रेडबोर्डकडे, म्हणजे खाचांत वायरी खोचून जोडणी केलेल्या पाटीकडे, नीट पाहिलं. रिलेचा आणि सेन्सरचा ग्राउंड (मायनस) एकाच बारीक जंपर वायरवरून उनोकडे जात होता. त्या जंपरचा आणि ढिल्या खाचांचा मिळून ०.१ ओहम धरला, तरी ७० मिलिअँपिअरला ७ मिलिव्होल्ट होतात, म्हणजे ०.७ अंश. हिशेब तंतोतंत जुळला. सेन्सरच्या ग्राउंडची वायर वेगळी काढून थेट उनोच्या पिनवर नेली. रिले वाजली, आकडा हलला नाही. मेव्हण्याने खात्री म्हणून ती चारपाचदा वाजवून घेतली.

मग मित्राच्या दुकानातला ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणून राहिलेली हौस भागवली. प्रोबची लांब ग्राउंड क्लिप लावली तर पडद्यावर नुसतं जंगल, कारण ती क्लिप स्वतःच अँटेना बनते. टोकाची छोटी स्प्रिंग लावल्यावर बकची १५० किलोहर्ट्झची करवतीसारखी लहर स्वच्छ दिसली. सेन्सरच्या सप्लायमध्ये १० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकून ती कापली. एलएम३५ जेमतेम ६० मायक्रोअँपिअर घेतो, त्यामुळे त्या रेझिस्टरवर व्होल्टेज वाया जात नाही. सेन्सरच्या आउटपुटवर मात्र नुसता कपॅसिटर ठोकायचा नाही, एलएम३५ला ते सोसत नाही. ७५ ओहम आणि १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये घेऊन ग्राउंडला जोडले.

आता आकडा अंशाच्या दहाव्या भागात हलतो. पंखा बंद होताना क्वचित एखादी टाचणीसारखी टोकदार उडी अजून दिसते. ती रिलेच्या संपर्कांवरच्या ठिणगीची असणार. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ दर्जाचा (मेन्सवर चालणारा) स्नबर, म्हणजे ठिणगी शमवणारी जोडी, लावायचाय, पण ते २३० व्होल्टचं काम आहे. ते मेनस्विच पाडल्यावरच.