तुम्ही विचारलंत म्हणून : भारताची फुटबॉल मॅच अजून का बघतो

परवा पुन्हा एकाने विचारलं, "अजून बघतोस तू भारताची मॅच?"

यातलं 'अजून' टोचतं. तंबाखू सुटली नाही का अजून, असं डॉक्टर ज्या चालीवर विचारतात त्या चालीवर. विचारणारा जवळचा मित्र, अंगात अर्जेंटिनाची जर्सी. निमित्त ढाक्याचं. १८ नोव्हेंबर २०२५ ला आपण बांगलादेशाकडून ०-१ हरलो, बावीस वर्षांत पहिल्यांदा. आशियाई करंडकाचं दार तर त्याआधीच बंद झालं होतं, ऑक्टोबरात सिंगापूरने गोव्यात येऊन २-१ हरवलं तेव्हा. म्हणजे ढाक्याच्या मॅचमधून मिळायचं काहीच नव्हतं, आणि मी ती शेवटपर्यंत बघितली, हे त्याला कुठूनतरी कळलं होतं.

दर वेळी मी हसून विषय बदलतो. आता एकदा लिहूनच टाकतो.

क्रिकेटवाल्याने विचारलं तर मी मनावर घेत नाही. पण आमच्या कोल्हापुरात हे फुटबॉलवालेच विचारतात. इथे पेठापेठांतल्या तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीची मॅच असली की दुकान बंद करून येणारी ही माणसं. यांची तालीम सलग चार वर्षं हरली तरी कुणी पेठ बदलून दुसऱ्या तालमीत जात नाही. गेला तर त्याला घरचे जेवायला वाढणार नाहीत. हे मी त्यांना बऱ्याचदा ऐकवलं आणि बराच काळ मला वाटायचं की हे बिनतोड आहे. मग एकाने शांतपणे विचारलं, "पेठेतली पोरं माझ्या डोळ्यांसमोर वाढली. तुझ्या संघातला कोण तुला ओळखतो?" याला माझ्याकडे उत्तर नाही. एकदाच होतं, २०१७ मध्ये, जेव्हा आमचा अनिकेत जाधव १७ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या संघात होता. ती स्पर्धाही आपण तिन्ही मॅच हरून संपवली. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. मी खुर्चीवर चढलो. खाली उतरेपर्यंत कोलंबियाने दुसरा मारला होता.

आणखी एक. मला कुणी 'निष्ठावान' म्हटलं की संकोच होतो, कारण ते खरं नाही. १ जून २०१८ ला अंधेरीत आपण चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली, आणि स्टेडियममध्ये माणसं होती २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने तो व्हिडिओ टाकला: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात येऊन करा. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याची शंभरावी मॅच, सगळी तिकिटं संपलेली, पाऊस असा की चेंडू पाण्यात थांबत होता. ३-० जिंकलो. मी तिथे होतो. रात्रीची बस पकडून गेलो होतो, भिजून ताप काढला, त्या मॅचचे फोटो अजून दाखवतो. पण त्या २,५६९ मध्ये मी नव्हतो. मलाही बोलवावंच लागलं.

आणि कृपा करून सुवर्णकाळ सांगू नका. १९५१ आणि १९६२ ची एशियाडची सुवर्णपदकं, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, नेव्हिल डिसोझाची हॅट्ट्रिक, सगळं पाठ आहे. पण तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मी बघितला तो संघ मार्च २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत १७३ वा होता आणि त्याच वर्षी जूनमध्ये ग्वामकडून हरला. ग्वामची लोकसंख्या एकट्या कोल्हापूर शहराच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नाही. आजोबांची जमीन होती म्हणून नातवाला भूक लागत नाही असं थोडंच आहे?

तर मग का बघता, हा प्रश्न राहतोच. त्यासाठी एक रात्र सांगावी लागेल.

१४ जानेवारी २०१९. शारजा, आशियाई करंडक, बहारीन. आधीच्या आठवड्यात आपण थायलंडला ४-१ हरवलं होतं, आशियाई करंडकात १९६४ नंतरचा पहिला विजय. मग अमिरातीकडून ०-२ हरलो, दोनदा चेंडू बारवर आपटून. आता बहारीनशी बरोबरी केली की पुढच्या फेरीत. जिंकायचंसुद्धा नाही, फक्त हरायचं नाही.

आमच्या घरी टीव्हीसमोर दोघंच, मी आणि आण्णा. आण्णा तरुणपणी तालमीच्या संघात गोलकीपर होते. मॅच बघताना ते गोलकीपरसारखेच बसतात, गुडघ्यांवर हात, पुढे झुकून, आणि चेंडू आपल्या अर्ध्यात आला की तोंडाने बारीक 'हंऽ हंऽ' चालू असतं. त्या रात्री चेंडू दुसरीकडे गेलाच नाही म्हणा ना. सुरुवातीलाच आपला बचावपटू अनस दुखापत होऊन बाहेर, आणि मग आपण मागे जे बसलो ते बसलोच. गोलकीपर गुरप्रीतने अडवलं, बचावफळीने अंगावर घेतलं, चेंडू मिळाला की लांब भिरकावला. तो गेला तसा परत आला. मला ते बघवत नव्हतं. आण्णा मात्र खूश. "असंच पायजे. गोल खायचा न्हाई एवढंच काम हाय आज."

दुसऱ्या मॅचमध्ये अमिराती आणि थायलंड १-१ होते. म्हणजे त्या क्षणाला आपण गटात दुसरे. मी कागदावर मांडून आण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा न लावताच मान डोलावली.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला ते उठले. रात्रीचे सव्वाअकरा होत आले होते आणि त्यांची झोपायची वेळ कधीच टळून गेली होती. दारात थांबून म्हणाले, "गेलो रं पुढं. झोपतो आता." पॅसेजमधला दिवा बंद केला. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

एक्क्याण्णवाव्या मिनिटाला आपल्या बॉक्समध्ये आपल्या एका खेळाडूने पाय टाकला. चेंडूला लागला नाही, माणसाला लागला. रेफ्रीने पेनल्टीच्या खुणेकडे बोट दाखवलं. त्या खेळाडूचं नाव इथे लिहीत नाही, कारण त्या रात्री मी ते पुरेसं लिहिलं.

जमाल रशीदने पेनल्टी मारली. गोल. मी ओरडू शकत नव्हतो. पलीकडे आण्णा झोपले होते, पुढच्या फेरीत गेलेला देश बरोबर घेऊन. मी उशीचा कोपरा दातात धरला. ०-१. काही मिनिटांत शिट्टी. नव्वदाव्या मिनिटाला गटात दुसरे असलेले आपण चौथे झालो, शेवटचे. त्याच रात्री प्रशिक्षकांनी राजीनामा जाहीर केला.

मग मी फोन घेतला आणि त्या खेळाडूच्या नावाने जे लिहिलं ते माझ्या मुलीने कधी वाचू नये अशी माझी इच्छा आहे. त्याच्या खेळावर लिहिलं, बुद्धीवर लिहिलं, पुढे त्याच्या घरच्यांवर गेलो. न मारलेली हाक कुठूनतरी बाहेर पडायचीच, अशी माझी मी समजूत घातली. समजूत तकलादू आहे. नव्वद मिनिटं तो अंगावर घेत होता आणि मी गादीवर बसून होतो. दोन दिवसांनी पुसून टाकलं. तेही शरमेने नव्हे. ऑफिसातल्या एकाने "अरे, हा कोण खेळाडू?" असं विचारलं म्हणून. त्याला नावच माहीत नव्हतं. अख्ख्या ऑफिसात त्याच्यावर चिडलेला मी एकटा होतो, आणि बाकीच्यांना मॅच झाल्याचाही पत्ता नव्हता. मला तेव्हा जे वाटलं ते हरण्यापेक्षा वाईट होतं. सुतक मला एकट्याला लागलं होतं.

पण सकाळचं राहिलं. आण्णा उठले, अंगण झाडलं, पेपर काखेत घेऊन आत आले. उघडलाही नव्हता. "आता कुनाशी पडतीया आपली?"

मला बोलता आलं नाही. मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग शेवटचं पान उघडलं. बराच वेळ वाचत होते. बातमी एवढी मोठी नव्हती.

"पेनल्टी खरी हुती काय रं?"

"होती."

"मग बोलायचं कामच न्हाई," म्हणाले आणि आंघोळीला गेले.

त्या दिवशी मी ठरवलं की बास. हे मी गमतीने म्हणत नाही. फेब्रुवारीत, वर उल्लेख केलेल्या त्याच मित्राच्या नादाने, मी इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबला धरलं. आणि काय नशीब! मे महिन्यात त्यांनी बार्सिलोनाला ४-० हरवून तीन गोलांची पिछाडी भरून काढली, १ जूनला युरोपचे विजेते झाले. लोक आयुष्यभर वाट बघतात ते मला चार महिन्यांत मिळालं. मित्राने मिठी मारली. मी पण मारली. फुटबॉल म्हणून ते इतकं देखणं होतं की नाव ठेवायला जागा नाही. तरी घरी येताना लांबच्या ओळखीतल्या लग्नात आग्रहाने पोटभर जेवून आल्यासारखं वाटत होतं. जेवण उत्तम, नवरा-नवरी कोण ते धड माहीत नाही.

मित्र म्हणतो, तू वेळच दिला नाहीस. असेल. दहा वर्षं दिली असती तर तेही माझं झालं असतं, कोण जाणे. मी थांबलो नाही, कारण सप्टेंबरात आपण दोह्यात कतारशी ०-० केलं. कतार तेव्हा आशियाचा विजेता, आपल्याकडे छेत्री आजारी, आणि गुरप्रीतने एकामागून एक अडवले. माझं 'बास' आठ महिनेसुद्धा टिकलं नाही. पुढच्याच महिन्यात कोलकात्यात बांगलादेशाशी १-१ झालं, तेही अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आदिलने गोल करून वाचवलं म्हणून. दारू सोडलेल्याला पहिल्या घोटानंतर असंच वाटत असणार.

दोह्यावरून आठवलं. ११ जून २०२४ ची मॅच सगळ्यांना माहीत आहे: छांगटेच्या गोलने आपण पुढे, आणि मग चेंडू चक्क रेषेबाहेर गेलेला असताना तो आत ओढून कतारने गोल केला आणि तो ग्राह्य धरला गेला. १-२ हरलो, विश्वचषक पात्रतेतून बाहेर. त्या वेळी मला लोकांचे सांत्वनाचे मेसेज आले, जे कधी फुटबॉल बघत नाहीत त्यांचेसुद्धा. आणि खरं सांगू? त्या रात्री मला झोप लागली. अन्याय झाला की माणूस मोकळा होतो, दोष द्यायला दुसरा कुणीतरी असतो. शारजात पेनल्टी खरी होती. म्हणून ती सात वर्षं झाली तरी जिरत नाही.

२०१९ मधला मी आज समोर आला तर म्हणेल, तुला लाज नाही. तेव्हा तरी आपण आशियाई करंडकात खेळून हरत होतो, आता तिथे पोचतही नाही, क्रमवारी पुन्हा १४० च्या पलीकडे गेली, आणि चाळिशी ओलांडलेल्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलावून खेळवावं लागलं. तू बघत राहतोस म्हणून यांना फरक पडत नाही. त्याचं म्हणणं खोडून काढता येत नाही. मी एवढंच म्हणेन की मी बघणं सोडलं तरी त्यांना फरक पडत नाही, मग निदान माझ्या सोयीने तरी होऊ दे. हे उत्तर नाही, हे मलाही कळतं.

आण्णांमुळे बघतोस का, असं बायको विचारते. तिला तसं वाटायला कारण आहे. पण आण्णा गावाला असतात तेव्हाही मी बघतो, तेव्हा तेही पूर्ण खरं नाही.

ढाक्याच्या मॅचला ते इथेच होते. फोनवर लावली होती, फोन तांब्याला टेकवून ठेवलेला. अकराव्या मिनिटाला बांगलादेशाने गोल मारला आणि पुढे आपल्याकडून काहीच होईना. शारजानंतर आण्णा मॅच संपल्याशिवाय जागचे हलत नाहीत, झोप आली तरी, पाय आखडले तरी. नजर आता अधू झाली आहे, छोट्या पडद्यावर त्यांना चेंडू दिसत नाही, मी सांगत असतो कुठे आहे. पंचाऐंशीव्या मिनिटाला मी म्हटलं, "आण्णा, झोपा आता. आपण आधीच बाहेर आहोत, हिच्यात काय उरलं नाही."

"शिट्टी व्हायची हाय अजून," ते म्हणाले.

मी चेंडू कुठे आहे ते सांगत राहिलो. बहुतेक वेळ तो आपल्याच अर्ध्यात होता.