ल्युब्लियाना : दोन रात्री, एक चिठ्ठी आणि माकूल

म्युनिकला येऊन तीन वर्षं झाली, तरी मी एकटीनं कुठं फिरायला गेले नव्हते. कुणी विचारलं तर 'सुट्टी नाही' म्हणायचे. खरं कारण जेवण. इथं कुठल्या तुर्की दुकानात हलाल मटण मिळतं, कुठल्या गोळ्यांत जिलेटिन असतं, कुठल्या सॉसमध्ये वाइन घालतात, हे सगळं आता पाठ झालंय. नव्या गावी गेलं की पुन्हा श्रीगणेशा, म्हणजे आमच्या घरी बिस्मिल्ला.

सप्टेंबरात शुक्रवार ते रविवार मोकळे मिळाले आणि मी स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना निवडली. थेट रेल्वेनं सहा-साडेसहा तास. शेंगेनमध्येच असल्यानं वेगळा व्हिसा नाही, फक्त पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट जवळ ठेवायचं. नदीकाठचा मध्यभाग २००७ पासून मोटारींना बंद आहे. २०१६ मध्ये युरोपची हरित राजधानी म्हणून याच गावाची निवड झाली होती. तीनेक लाख वस्ती. चिपळूणच्या मुलीला नदी, झाडं आणि चालत संपेल एवढं गाव मिळालं की आणखी काय पाहिजे?

तयारीच्या पहिल्या दोन संध्याकाळी मी मूर्खपणा केला. नकाशावर 'हलाल' शोधून अकरा खुणा ठोकल्या. मग एकेक उघडून बघितलं, तर निम्म्या ठिकाणी कुण्या प्रवाशानं 'बहुतेक हलाल असावं' असं लिहिलेलं. 'बहुतेक'वर माझं पोट भरत नाही. 'आमच्याकडे डुक्कर नाही' आणि 'हलाल' यांतला फरकही अनेकांना ठाऊक नसतो. सगळ्या खुणा पुसल्या आणि उलट बाजूनं सुरुवात केली : आधी मशीद, मग खोली, मग जेवण.

मशीद नवी आहे, २०२० मध्ये उघडलेली. मुसलमानांनी तिच्यासाठी पहिला अर्ज केला होता १९६०च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे परवानग्या, विरोध आणि पैसे यांत अर्धं शतक गेलं. आवारात शाळा, वाचनालय, बास्केटबॉलचं मैदान आणि उपाहारगृहही आहे. मी मेल टाकला, दोनच प्रश्न : बायकांना नमाजची जागा आहे का, आणि रविवारी दुपारी जेवण मिळेल का. दोन्हींना 'हो' आलं. रविवार सुटला. खोली घेतली ती स्टेशनजवळ, छोट्या स्वयंपाकघरासकट, दारू पिऊन गाणाऱ्या टोळक्यांच्या वसतिगृहापासून लांब.

नमाजचं गणित आम्हा शाफई, म्हणजे इस्लामी कायद्याच्या त्या परंपरेतल्या, लोकांना प्रवासात सोपं जातं. चार रकातींच्या, म्हणजे नमाजच्या आवर्तनांच्या, दोनच होतात, शिवाय दुपारच्या जुहर-असर आणि संध्याकाळ-रात्रीच्या मगरिब-इशा या नमाजा एकत्र पढायची मुभा. त्यामुळे दिवसाचे सरळ दोन तुकडे पडले. शाफई असण्याचा दुसरा फायदा ताटात. समुद्रातलं जवळजवळ सगळं आम्हाला चालतं. दुसऱ्या, हनफी परंपरेतली माझी मैत्रीण कोळंबीवरून वाद घालते आणि माकूल (स्क्विड) तर शिवतही नाही.

मग टाळायच्या स्लोव्हेनियन शब्दांची चिठ्ठी केली. स्विन्यिना म्हणजे डुकराचं मांस, झेलातिना म्हणजे जिलेटिन, विनो म्हणजे वाइन, ओत्स्विर्की म्हणजे चरबीचे तळलेले कुरकुरीत तुकडे. हे ओत्स्विर्की तिथल्या साध्या कुट्टूच्या पिठाच्या पदार्थावरही भुरभुरतात, म्हणजे 'शाकाहारी दिसतंय' यावर जायचं नाही. चिठ्ठी पाकिटात ठेवली आणि स्वतःला फार हुशार समजले.

शुक्रवारी दुपारी उतरले तर धो धो पाऊस. मार्च ते ऑक्टोबर दर शुक्रवारी बाजाराच्या चौकात 'ओद्प्र्ता कुह्ना' भरतं, उघड्यावर शिजवणाऱ्यांची जत्राच. माझं रात्रीचं जेवण तिथं ठरलेलं. पण ते भरतं हवा चांगली असेल तरच. चौकात नुसतं पाणी. जवळच्या दुकानातून खारे बिस्किटासारखे पाव घेतले, चिठ्ठीतला एकही शब्द पाकिटावर नव्हता. खोलीत दोन खाल्ले आणि सहज पुन्हा वाचलं. घटकांच्या यादीत चौथा शब्द, रोमन अक्षरांत, आपण व्हॉट्सअॅपवर 'मस्त' लिहितो अगदी तसाच. मला हसूही आलं होतं. मग फोनवर तपासलं. मास्त म्हणजे चरबी, आणि त्याच्या आधीचं विशेषण डुकराचं. चिठ्ठीत नाम होतं, विशेषणाचं रूप नव्हतं.

तोंड धुतलं, तौबा केली, बॅगेतला खजूर आणि दूध यांवर रात्र काढली. अम्मीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "नकळत झालं ना? मग रडतेस कशाला? चिठ्ठीत लिही." लिहिलं. विशेषणासकट.

शनिवारी ऊन पडलं. ल्युब्लियानित्सा नदीला सात नावांची नदी म्हणतात. चुनखडीच्या प्रदेशात ती जमिनीत गडप होते, पुन्हा वर येते, आणि दरवेळी नवं नाव घेऊन येते. गावात मात्र ती हिरवी आणि संथ, दोन्ही काठांना झुकलेली झाडं. मला जास्त बघायचा होता तो किल्ल्याच्या टेकडीमागचा ग्रुबर कालवा. पुराचं पाणी गावाबाहेरून वळवायला तो अठराव्या शतकात खणला, १७८० मध्ये पुरा झाला. तिथं कुणी पर्यटक नव्हता. मी कठड्याला टेकून बराच वेळ उभी होते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात माळ्याच्या पायरीपर्यंत होतं.

दुपारी बाजार. नदीलगतची खांबांची लांब इमारत योझे प्लेचनिक या वास्तुविशारदाची. त्याची या गावातली कामं २०२१ पासून जागतिक वारशात आहेत. पण माझं लक्ष खालच्या मजल्यावर होतं, तिथं मासळीबाजार आहे. वास आला आणि मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरालाच पोहोचले. जवळच्या खानावळीत माकूल होतं, तळलेलं आणि ग्रिलवरचं. तळलेल्याच्या पिठात बिअर असू शकते, म्हणून ग्रिलवरचं मागितलं आणि चिठ्ठी पुढे केली. वाढणाऱ्या बाईंनी ती चष्मा चढवून वाचली, आत नेली, परत आणली आणि प्रत्येक शब्दापुढे पेनानं फुली मारून दिली. शेवटी स्वतःहून एक शब्द वाढवला : स्लानिना. बेकन. वर लसूण, ऑलिव्हचं तेल, लिंबू. अम्मी म्हणाली असती तिखट कुठंय, पण दोन माकुलं मी पाच मिनिटांत संपवली.

रविवारी मशिदीत जुहर-असर पढले. आत निळ्या कापडाचा घुमट टांगलेला आहे, काचेतून येणारा उजेड त्यावर पसरतो. उपाहारगृहात चेवापी खाल्ले, बोस्नियन पद्धतीचे बोटाएवढे कबाब, जाड रोटीत, कच्च्या कांद्यासोबत. तीन दिवसांत पहिल्यांदा काही न विचारता जेवले.

गाडीसाठी स्टेशनजवळ चीजचा बुरेक, म्हणजे पातळ पदरांचा सारण भरलेला भाजका पदार्थ, घेतला. चिठ्ठी काढून 'मास्त?' एवढंच म्हटलं. काउंटरमागचे काका आधी गोंधळले, मग मागं वळून सूर्यफुलाच्या तेलाची पाच लिटरची बाटली दोन्ही हातांनी उचलून दाखवली. साल्झबर्ग यायच्या आत बुरेक संपला.