हंटरच्या पंखांवरचे पिवळे-काळे पट्टे : रंगकामाची नोंद

माझ्या हंटरचं, म्हणजे हॉकर हंटर या लढाऊ जेटच्या रेडिओने उडवायच्या मॉडेलचं, रंगकाम अखेर संपलं आणि काल सकाळी तीन उड्डाणं झाली. 6 मिमी डेप्रॉन (फोमची शीट), 70 मिमीचा ईडीएफ (नळीत बसवलेला विजेवरचा पंखा), 4एस (चार सेलची) बॅटरी, पंखांचा विस्तार 90 सेंमी, रंगासकट वजन 1,380 ग्रॅम. आज फक्त रंगाबद्दल लिहितो, कारण गेल्या हंगामात माझं आधीचं जेट रंगामुळेच गेलं.

ते वरून-खालून फिकट राखाडी होतं. ढगाळ सकाळ होती. दीडेकशे मीटरवर वळण घेताना त्याचं पोट माझ्याकडे आहे की पाठ, हेच कळेना. मी उजवा एलेरॉन (विमान कलवणारी पंखावरची झडप) दिला, हवा होता डावा. ताशी 100 किमी म्हणजे सेकंदाला 28 मीटर. तेवढा एक सेकंद विचारात गेला आणि विमान शेजारच्या उसात शिरलं. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, तीन तुकड्यांत मिळालं. ते विमान उभं करायला मला चार महिने लागले होते.

मग जरा हिशेब मांडला. 90 सेंमीचे पंख 100 मीटरवरून पौर्णिमेच्या चंद्राएवढे, म्हणजे अर्धा अंश दिसतात. चांगल्या डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढाच बारकावा वेगळा दिसतो. त्यामुळे तेवढ्या अंतरावर तीन सेंमीपेक्षा अरुंद पट्टा शेजारच्या रंगात विरून जातो. टेबलावर सुंदर दिसणारे कॅमोचे (लपण्यासाठीच्या लष्करी रंगाचे) नागमोडी डाग हवेत एकजीव होतात ते यामुळेच. शिवाय इतक्या लहान आकृतीत निळा-पिवळा फरक डोळा लवकर सोडतो आणि उरतो तो उजेड-काळोखाचा फरक. म्हणून रंग निवडताना फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. त्यात दोन छटा सारख्या दिसल्या तर हवेतही त्या सारख्याच दिसणार.

खऱ्या विमानांची रंगसंगती उचलताना ती कशासाठी केली होती हे आधी विचारायला हवं. पाठ गडद आणि पोट फिकट ही पद्धत लपण्यासाठीच आहे. अमेरिकन चित्रकार ॲबट थेयर यांनी 1896 साली प्राण्यांच्या बाबतीत हे मांडलं होतं : पोटावर पडणारी सावली फिकट रंगाने भरून निघते आणि शरीराची गोलाई हरवते. कॅनडाच्या सीएफ-18 विमानांच्या पोटावर तर खोटी कॅनपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) रंगवलेली असते, समोरच्या वैमानिकाला पोट-पाठ कळू नये म्हणून. खाली ट्रान्समिटर धरून उभ्या असलेल्या माणसाला नेमकं उलटं हवं असतं. ब्रिटिश हवाई दलाने दिसण्याच्या चाचण्या घेऊन 1990 च्या दशकात आपली हॉक प्रशिक्षण विमानं चकचकीत काळी केली, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. उजळ आकाशावर काळाच ठळक दिसतो.

पण मला काळं हॉक नको होतं, हंटरच हवं होतं. 1971 मध्ये लोंगेवालाला जैसलमेरहून उडालेल्या हंटरांनी रणगाडे अडवले, तेव्हापासून आमच्या घरात या विमानाचं नाव आदराने घेतलं जातं. मनात तीच गडद हिरवी-राखाडी पाठ होती. अडचण अशी की आमच्या मैदानामागे डोंगर आहे, आणि पावसाळ्यानंतर तोही तसाच गडद हिरवा असतो. विमान बँक होऊन, म्हणजे एका पंखावर कलून, पाठ दाखवू लागलं की डोंगरात मिसळणार.

म्हणून पुठ्ठ्याचे पूर्ण मापाचे चार हंटर कापले, दोन्ही बाजू रंगवल्या आणि भाच्याला काठीसकट 100 मीटरवर बंधाऱ्यावर उभं केलं. तो मनाला येईल तसा पुठ्ठा फिरवायचा आणि मी फोनवर 'पोट' की 'पाठ' ते सांगायचो. साधी भारतीय रंगसंगती चांगल्या उजेडात जमली, पण ऊन ढगाआड गेलं की माझी उत्तरं चुकू लागली. चौथ्या पुठ्ठ्यावर मात्र एकदाही चुकलो नाही. शेवटी भाचाच म्हणाला, "मामा, आता बास, हाच घ्या."

तो चौथा पुठ्ठा 1956 च्या सुएझ संघर्षातला, सायप्रसहून उडालेल्या ब्रिटिश हंटर एफ.5 चा. पाठ गडद हिरवी-राखाडी, पोट चंदेरी आणि पंखांवर वर-खाली पिवळा-काळा-पिवळा-काळा-पिवळा असे पाच पट्टे. आपल्याच लोकांनी आपल्यावर गोळ्या झाडू नयेत म्हणून ते मारले होते, म्हणजे मुळातच ओळख पटावी म्हणून. गंमत पुढे आहे. गडद पाठीवर काळे पट्टे बुडतात आणि तीन उजळ पट्टे दिसतात. चंदेरी पोटावर पिवळे बुडतात आणि दोन काळे दिसतात. तीन दिसले की पाठ, दोन दिसले की पोट. भारतीय हवाई दलाचे तिरंगी राउंडेल (गोल चिन्हं) लावायला मिळाले नाहीत याची मात्र खरोखर हळहळ वाटली.

पट्टे प्रत्येकी 4.5 सेंमीचे ठेवले. फोमवर आधी पातळ केलेल्या फेविकॉलचा हात, मग पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक स्पंजच्या रोलरने. साध्या स्प्रेचा थिनर डेप्रॉन खातो, तो वापरू नका. पिवळ्याखाली पांढरा हात हवाच, नाहीतर पिवळा मळकट दिसतो. पाठ मॅट ठेवली, पोटावर चकचकीत वॉर्निश दिलं. एकूण 46 ग्रॅम वाढले.

काल ढगाळच होतं, म्हणजे हवी तशी परीक्षा झाली. डोंगरासमोरून जाताना तीन पट्टे स्वच्छ दिसले, डोक्यावरून जाताना दोन. दीडशे मीटरच्या पुढे काळे-पिवळे कडेने मिसळू लागतात, म्हणून तेवढीच हद्द धरली आहे. राहिलं ते समोरून येणारं विमान. फायनलला, म्हणजे उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, पंख नुसती रेघ होतात आणि कुठलाच रंग कामाला येत नाही. नाकात एक पांढरा एलईडी बसवून पाहणार आहे. डोंगराच्या गडद पार्श्वभूमीवर तो नक्की दिसेल. उजळ आकाशावर मात्र उपयोग नाही. 1943 मध्ये अमेरिकन नौदलाने विमानाच्या पुढच्या बाजूला दिवे लावले होते ते आकाशात मिसळून जाण्यासाठीच. त्यामुळे सध्या लँडिंग फक्त डोंगराच्या बाजूने करतो आहे. वायर ओढून झाली आहे, रेझिस्टर उद्या लावतो.