कणकुंबीचं पाणी, दोन समुद्र आणि आमचं जहाज

बेळगावकराला समुद्र म्हणजे गोवा. सकाळी चोर्ला घाट उतरायचा, दुपारी मासे, संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभं राहून फोटो, आणि रात्री गाडीत वाळू घेऊन परत. त्यामुळे आम्ही दोघं सिंगापूरहून जहाजानं मुंबईला येणार म्हटल्यावर सगळ्यांकडून एकच प्रश्न आला, "पाण्यात बसून करणार काय हो एवढे दिवस?" ह्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे होतं: काहीच नाही. सगळी नोकरी शाळेच्या घंटेवर नाचून झाल्यावर मला तेच करायचं होतं.

हे बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात होते. निवृत्त झाले तरी ओतकाम डोक्यातून गेलेलं नाही. एजंटानं आधी युरोपची रंगीत पुस्तिका पुढं केली होती. आम्ही घेतला तो मार्ग असा: सिंगापूर, पोर्ट क्लांग, पेनांग, फुकेत, कोलंबो, कोची, गोव्यातलं मुरगाव, मुंबई. परतीच्या विमानाचे पैसे वाचत होते हे एक. दुसरं ह्यांनी नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "अगं, हे मुरगावला थांबतंय की. आपल्या दारातनं जाणार म्हण."

बेळगावच्या सांबरा विमानतळाहून बेंगळुरू आणि तिथून सिंगापूर, यात सांगण्यासारखं काही नाही. सिंगापूरला जहाज मरीना बे क्रूझ सेंटरहून सुटतं. बॅगा ताब्यात घेतात, फोटो काढतात, खोली उघडायचं कार्ड देतात. पुढं तेच तुमचं ओळखपत्र आणि तेच पैशाचं पाकीट. सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षा कवायत सक्तीची. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हे ऐकू आलं की आपापल्या जागी जमायचं.

संध्याकाळी डेकवर आलो आणि ह्यांचं बोलणंच बंद झालं. नजर जाईल तिथवर जहाजं नांगरलेली. तेलाची, कंटेनरची, रिकामी होऊन पाण्यावर उंच आलेली. मलाक्काच्या सामुद्रधुनीचं हे तोंड. सगळ्यात अरुंद जागी, फिलिप्स चॅनेलमध्ये, रुंदी तीन किलोमीटरसुद्धा नाही, आणि वर्षाला ८० हजारांहून जास्त जहाजं इथून जातात. जाणाऱ्यांचा पट्टा वेगळा, येणाऱ्यांचा वेगळा, आणि कुणी कुणाला ओव्हरटेक करायची घाई करत नाही. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या गर्दीतून स्कूटर चालवलेल्या बाईला याचं कौतुक वाटणारच.

पहिल्याच रात्री जेवणाच्या टेबलावर आमचा वेटर आमचं बोलणं ऐकून थबकला. "तुमी बेळगांवचीं?" तो गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या केरीचा. केरी म्हणजे चोर्ला घाटाच्या पायथ्याचं गाव. क्रूझच्या जहाजांवर गोव्याची पोरं असतात हे ऐकून होतो, पण इतक्या जवळचं माणूस मलाक्काच्या सामुद्रधुनीत भेटेल असं वाटलं नव्हतं. त्याच्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बेळगावातच बांधलेला. त्या रात्रीपासून तो कोकणीत बोलायचा, आम्ही मराठीत, आणि आमच्या ताटात न मागता लोणचं यायचं. शेजारच्या टेबलावर हुबळीचं जोडपं होतं, त्यांच्याशी कन्नडात. सीमाभागात राहिल्याचा हा फायदा, वाद काहीही असोत.

पोर्ट क्लांगला सगळे बस करून क्वालालंपूरचे जोडमनोरे बघायला गेले. आम्ही गेलो नाही. दीड तास जाणं, दीड तास येणं, मधे धावपळ. त्यापेक्षा रिकामं जहाज बरं. हे कठड्याला टेकून क्रेनचं काम बघत बसले आणि मी झोपले.

तिथंच मला एक गोष्ट लक्षात आली. पुस्तिकेत देवळं, वाळू आणि छत्र्या असतात. प्रत्यक्षात जहाज तुम्हाला देशाच्या परसदारी नेऊन सोडतं. सरपण कुठं रचलंय, राख कुठं टाकतात, भांडी कोण घासतं, ते आधी दिसतं. दिवाणखाना नंतर, वेळ उरला तर. कोळशाचे ढीग, गंजलेल्या साखळ्या, हेल्मेट घालून वडा खाणारी माणसं. मला हे आवडलं. ह्यांना तर फारच. प्रत्येक धक्क्यावर जहाजाचा दोर अडकवायचा जो जाडजूड लोखंडी खुंटा असतो, बोलार्ड म्हणतात त्याला, त्याच्यापाशी हे थांबायचे. हात फिरवायचे. "ओतीव हाय बघ. रायझर कुठं बसवला असंल सांग?" रायझर म्हणजे ओतताना साच्याला जादा रस पुरवणारी पोकळी. मी काय सांगणार! लोक बुद्धमूर्तीपुढं उभं राहून फोटो काढून घेत होते, ह्यांचे फोटो बोलार्डपाशी.

पेनांग मात्र पायी बघण्यासारखं. जहाज जॉर्ज टाउनच्या अगदी कुशीत, स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. उतरलं की गावच. जॉर्ज टाउन आणि मलाक्का ही दोन शहरं २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. किनाऱ्यालगत चिनी घराण्यांच्या जेट्ट्या आहेत. खांबांवर उभी लाकडी घरं, एकेका आडनावाची एकेक वस्ती. घराच्या दारातून आत देव्हारा दिसतो, फळ्यांच्या फटीतून खाली पाणी. तिथून थोडं चाललं की 'लिटल इंडिया'. मारिअम्मनचं देऊळ, फुलांच्या माळा, केळीच्या पानावर भात आणि रसम. कानावर टिपेचं तमिळ गाणं पडलं की आपण परदेशात आहोत हे विसरायला होतं. रस्त्यावरचं चेंदोल खाल्लं: किसलेला बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ आणि हिरव्या शेवया. ह्यांनी नाक मुरडलं आणि माझ्याही वाटीतलं संपवलं.

फुकेतला जहाज धक्क्याला लागत नाही, पातोंगसमोर नांगर टाकतं आणि लहान होडीनं किनाऱ्यावर नेतात. लाटेवर होडी वरखाली होत असताना पाय टाकायचा. गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. पातोंगबद्दल एवढंच.

आणि मग खरा प्रवास सुरू झाला. फुकेत ते कोलंबो, मधे थांबा नाही. जहाज साधारण १८ ते २० नॉट वेगानं जातं, म्हणजे ताशी ३३ ते ३७ किलोमीटर. ऐकायला कमी, पण रात्रंदिवस न थांबता. फोनला रेंज नाही, वायफायचे दर ऐकून आम्ही ते घेतलं नाही. पश्चिमेला जात असल्यानं घड्याळं मागं जातात. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. फुकेतपर्यंत एक तास मागं आला, कोलंबोपर्यंत उरलेला दीड. रात्री उशीवर चिठ्ठी असते, आज घड्याळ मागे करा. शाळेत अशी चिठ्ठी कधी आली असती तर!

सकाळी डेकवर फेऱ्या मारायच्या, उडते मासे दिसतात का बघायचं. जहाजाच्या नाकाडापासून ते थव्यानं उसळतात आणि पाण्यावरून तरंगत जाऊन परत बुडतात. कंटाळा येतो का? येतो की. दुसऱ्या दिवशी दुपारी इतका आला की मी बिंगो खेळायला गेले. पण तो कंटाळासुद्धा सावकाश येतो आणि सावकाश जातो.

अशाच एका दुपारी हे नकाशा पसरून बसले. आम्ही बंगालच्या उपसागराच्या दक्षिण कडेनं चाललो होतो. ह्यांनी विचारलं, "मलप्रभा कुठं जाती?" माझं माहेर लोंढ्याचं, म्हणजे खानापूर तालुक्यातलं. हा प्रश्न मी पोरांना दरवर्षी घातलेला. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, पूर्वेला जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात. त्याच तालुक्यातली म्हादई भीमगडाच्या रानात उगवते, पश्चिमेला घाट उतरते आणि पणजीला मांडवी म्हणून अरबी समुद्रात. एका तालुक्यात पडलेला पाऊस डोंगराच्या कुठल्या अंगाला पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. म्हादईच्या पाण्यासाठी तीन राज्यं लवादापर्यंत गेली, २०१८ मध्ये निवाडा आला, भांडण आहे तिथंच आहे. वर्गात मी हे फळ्यावर दोन बाण काढून शिकवलं होतं. त्या दोन बाणांच्या टोकांना जोडणारा मार्ग आपण जहाजानं कापतोय, हे ह्यांनी सांगेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

श्रीलंकेचं दक्षिण टोक दोंद्रा रात्री ओलांडलं. दीपगृहाचा झोत फिरताना दिसत होता. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जहाजांची ही हमरस्त्याची वळणवाट, त्यामुळे मोकळ्या समुद्रातही पुन्हा दिव्यांची गर्दी.

कोलंबोत लोक लोटस टॉवर बघायला गेले. आम्ही पेट्टा बाजारात लाल-पांढऱ्या विटांची मशीद बघितली, गॉल फेसवर इसो वडे खाल्ले (वड्यावर अख्खी कोळंबी, मोह आवरत नाही) आणि परत आलो. ह्यांना बंदर बघायचं होतं. भारतातून निघालेले कितीतरी कंटेनर इथं मोठ्या जहाजावर चढतात. आपल्याकडे फार मोठी जहाजं लागतील अशी खोल बंदरं कमी होती म्हणून हा व्यवहार कोलंबोकडे गेला. केरळात विळिंजमचं नवं बंदर बांधलंय ते त्यासाठीच. हे बराच वेळ कंटेनरांच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपला माल ट्रकात चढला की आम्ही हात झटकायचो. पुढं हे एवढं सगळं असतंय, कुणी सांगितलं न्हाई कधी."

कोचीला भारतात शिरायची तपासणी, रांगेत बराच वेळ गेला. जहाज विलिंग्डन बेटाला लागतं. हे बेट बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून तयार केलेलं. फोर्ट कोचीला चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, त्याला आधी तिथं पुरलं होतं. पुढं त्याचे अवशेष लिस्बनला नेले. आम्ही मात्र रिक्षा मट्टांचेरीत चेरलाईला नेली, तिरुमला देवस्वमच्या देवळाकडे. पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्या कोकणी लोकांचं हे देऊळ. पापड वाळत घालणाऱ्या एका आज्जींना मी मराठीत वाट विचारली, त्यांनी कोकणीत सांगितली, आणि दोघींनाही त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटायला हवं होतं खरं तर. भोवती सगळी मल्याळम.

मुरगावला मी पहाटेपासून डेकवर. झुआरीचं मुख, डावीकडे अग्वादकडचे दिवे, समोर कोळशाचे काळे ढीग. कोळसा बघून घर जवळ आलं असं वाटणारी जहाजावर मी एकटीच असेन. हाच कोळसा वाघिणींतून लोंढ्यावरून बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्यांना जातो. मी लहान होते तेव्हा होस्पेटकडचं लोहखनिज लोंढ्यावरून खाली यायचं. आता कोळसा वर चढतो. हा लोहमार्ग आणि हे बंदर १८८० च्या दशकात एकमेकांसाठीच बांधलेले. मधल्या ब्रागांझा घाटात चढ ३७ फुटाला एक फूट, मागून-पुढून इंजिनं लावून गाडी चढवतात. आमच्या घराच्या खिडक्या त्या इंजिनांनी थरथरायच्या. त्या थरथरीचं दुसरं टोक इथं होतं.

भाऊ-वहिनी रात्रीच्या गाडीनं लोंढ्याहून वास्कोला आले होते. पास नसेल तर बंदरात सोडत नाहीत, म्हणून गेटाबाहेर भेटलो. तिथं बरीच माणसं ताटकळत होती. मला वाटलं कामगार. ती जहाजावरच्या पोरांची घरची माणसं होती. आमचा केरीचा वेटर दोन तासांची सुटी घेऊन आला, त्याची आई समोर उभी. ती त्याला ओरडलीच आधी, किती वाळलास म्हणून. मग पिशवीतून डबा काढला. चहाच्या टपरीमागं उभ्याउभ्या त्यानं तो संपवला, कारण घरचं अन्न जहाजावर न्यायला बंदी. आमचीही तीच गत झाली. वहिनीची शेंगाची चटणी आणि भाकरी वरच्या तपासणीत अडणार हे कळलं, तेव्हा आम्ही चौघांनी खानावळीत बांगड्याच्या हुमणाबरोबर ती भाकरी खाल्ली. खानावळवाला बघत राहिला, बोलला नाही. कुंद्याचा डबा दुकानातला, सीलबंद. तो वर गेला.

भाऊ म्हणाला, "उतरा की हिथंच! उद्या मुंबईला जाऊन परत रात्रभर बसमधनं बेळगाव गाठणार, ह्याला काय अर्थ हाय?" अर्थ नव्हताच. पण मधेच उतरायचं तर आधी कळवावं लागतं, आणि ह्यांचं म्हणणं, पैसे मुंबईपर्यंतचे भरलेत.

मुंबईला सकाळी बॅलार्ड पिअरला उतरलो. आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आठवणीनं बाजूला काढून ठेवा. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ पायजम्यात उतरले. शेवटच्या दिवशी बिल येतं, त्यात माणशी रोजचा सेवाशुल्क डॉलरमध्ये असतो, तो तिकिटाच्या किमतीत धरलेला नव्हता. कुंद्याचा अर्धा डबा वेटरला दिला. खोली आतली, बिनखिडकीची घेतली तरी चालते. खोलीत कोण बसतंय! त्या वाचलेल्या पैशात बंदरातला खर्च निघतो. फक्त जहाज बंदरात शिरताना डेकवर जायला चुकू नका. ते बहुतेक उजाडायच्या आधी शिरतं आणि त्या वेळी वर चहा मिळत नाही, तेव्हा आदल्या रात्रीच थर्मास भरून घ्या.